अकूस्टिक गिटारला पिकअप बसवून स्पीकरवर चांगला आवाज कसा काढायचा

सोसायटीच्या गणपतीत मी पहिल्यांदा पिकअपवाली (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग बसवलेली) गिटार घेऊन स्टेजवर गेलो, केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली आणि आवाज आला तो पत्र्याच्या डब्यावर तारा ताणल्यासारखा, खर्ज गायब, नुसतं टणटण. पिकअपच खराब निघाला असं धरून मी दुसरा घ्यायला निघालो होतो, पण दोष पिकअपचा नव्हताच. म्हणून आधीच सांगतो, सगळं बजेट पिकअपवर संपवू नका, प्रीअँपसाठी (पिकअपचा नाजूक सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारं यंत्र) पैसे बाजूला ठेवा.

आधी पिकअप ठरवा. साउंडहोलमध्ये (गिटारच्या मधल्या गोल भोकात) अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप बसवायला सगळ्यात सोपा आणि फीडबॅकही (स्पीकरचा आवाज परत पकडून घुमणं) कमी देतो, पण आवाज थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो, आणि नायलॉनच्या तारांवर तो चालतच नाही. ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) खाली आतून चिकटवायच्या चकत्या येतात, त्यांचा आवाज लाकडाचा वाटतो पण मोठ्या स्टेजवर लवकर घुमतात. तिसरा म्हणजे सॅडलखालचा (सॅडल म्हणजे ब्रिजच्या खाचेतली, तारा टेकतात ती पातळ पट्टी) पिएझो, दाबातून सिग्नल देणारा, सगळ्यात जास्त दिसणारा, आणि इथे मी त्याच्याबद्दलच लिहितोय.

तारा काढा, सॅडल बाहेर काढा, खाच ब्रशने साफ करा. खाचेचा तळ सपाट पाहिजे. खाचेच्या एका टोकाला वायर जाण्यापुरतं बारीक भोक पाडायचं. मागे पट्टा अडकवायची पिन असते तिथे जॅकसाठी साधारण १२ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि गिटार महागडी असेल तर ही दोन्ही भोकं रिपेअरवाल्याकडूनच पाडून घ्या, घाई करू नका.

आता सॅडल. पिकअपची जितकी जाडी तितकंच सॅडल खालून कमी करायचं, नाहीतर तारा वर उचलल्या जातात. पॉलिश पेपर काचेवर चिकटवा आणि सॅडल त्याच्यावर उभं धरून फिरवा, पेपर हातात धरून घासलात तर कडा गोल होतात. खालच्या बाजूला पेन्सिलने रेघोट्या मारून दोन-तीनदा घासा, जिथे पेन्सिल तशीच राहिली तो भाग खोलगट आहे, सगळी एकसारखी जाईपर्यंत घासत रहा. कंटाळवाणं काम आहे पण एखादी तार मोठी आणि शेजारची दबलेली येते ना, ते बहुतेक वेळा इथेच होतं, कारण पिएझोवर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. सॅडल खाचेत बोटाने आत-बाहेर होईल इतपतच घट्ट ठेवा, ठोकून बसवलं तर ते बाजूंना अडकतं आणि पिकअपवर नीट टेकतच नाही.

तारा चढवा, ट्यून करा, एकेक तार सारख्याच जोराने वाजवून ऐका.

मग प्रीअँप. पिएझोचा सिग्नल अगदी नाजूक असतो, त्याला पुढे निदान १ मेगाओहमचा इनपुट लागतो, १० असेल तर अजून छान. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० ते २० किलोओहमचा असतो, तो सिग्नल खाऊन टाकतो आणि आधी खर्ज जातो, माझं गणपतीत हेच झालं होतं. गिटारच्या आत बसणारा ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप घ्या किंवा बाहेरचा डीआयवाला (गिटारचा सिग्नल लांबच्या केबलसाठी तयार करणारा डबा), मला बाहेरचा आवडतो कारण गिटारमध्ये आणखी काही कापावं लागत नाही आणि तिथून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल लांबवरच्या मिक्सरपर्यंत नेली तरी आवाज बिघडत नाही. गिटार ते प्रीअँप केबल मात्र ५-६ मीटरच्या आतलीच ठेवा.

सेटिंग करताना सगळे नॉब मध्यावर ठेवा, जोरात स्ट्रम करा, आवाज फाटायला लागला की गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर) थोडा मागे घ्या. सहाव्या तारेचा सूर ८२ हर्ट्झचा, त्यामुळे लो-कट (ठरावीक सुराच्या खालचे आवाज कापणारा) ८०च्या आसपास लावला तर काही जात नाही, उलट स्टेजची धडधड कमी होते. पिएझोचा तो प्लॅस्टिकसारखा कर्कशपणा साधारण १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये असतो, मिड तिथे नेऊन थोडा कमी करा, ट्रेबल सगळा काढून टाकू नका.

गिटार घूंऽऽ करून घुमायला लागली तर आधी फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघा, ज्या बाजूला कमी घुमते तिथेच ठेवा. तरी राहिलं तर नॉच (एक छोटा पट्टाच कमी करणारा नॉब) १०० ते २०० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवा, बहुतेक गिटारी तिथेच घुमतात, आणि साउंडहोलला रबराचं झाकण लावा. मॉनिटरकडे गिटारचं तोंड करून उभं राहू नका. स्पीकरमधून सतत हम (हलकी गुणगुण) येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (केबलमधली ग्राउंडची जोडणी सोडवणारं बटण) दाबा.

आतला प्रीअँप असेल तर वाजवून झालं की केबल काढून ठेवा, कारण बहुतेक गिटारींत केबल आत असली की बॅटरी चालूच राहते, आणि केबल लावताना-काढताना साउंडवाल्याला चॅनल म्यूट करायला सांगा.