बाइक चालवून हात-मनगट दुखतंय? या चुका टाळा

लांबून आल्यावर हेल्मेटचं बक्कल सुटत नाही, कारण बोटं ऐकतच नाहीत. असं होऊ लागलं की आपण मलम लावतो, पट्टा बांधतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर तसेच बसतो. मीही डाव्या मनगटाला महिनाभर पट्टा बांधून गाडी चालवली. दुखणं थांबलं ते क्लचचा लिव्हर थोडा खाली फिरवल्यावर. तेव्हापासून कुणी हात दुखतो म्हणालं की मी आधी त्यांची गाडी बघतो. हात गाडी चालवण्यासाठी आहेत, अंगाचा भार पेलण्यासाठी नाहीत. आणि मनगट सरळ असेल तरच ते तासन्‌तास काम करतं.

नेमकं कुठे दुखतंय, हे न बघणं

‘हात दुखतो’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्याच बाजूची अर्धी कड इथे येत असतील, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं की हे होतं. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची कड बधिर होत असेल, तर अल्नर नस बघायची. ती तळव्याच्या करंगळीकडच्या फुगीर भागाखाली किंवा कोपरापाशी दाबली जाते, म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही हँडलवर रेलून बसताय. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर कळ येत असेल, तर अंगठा हलवणाऱ्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, सूज असू शकते. आणि कोपराखालचा हात दगडासारखा कडक होऊन ठणकत असेल, तर ग्रिप फार आवळली जातेय किंवा क्लच जड झालाय.

लिव्हर आला तसाच ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सुधारायला सगळ्यात सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर लावा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. रोज बसता तसे बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. आता बाजूने कुणाला तरी बघायला लावा: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ दिसते का? बोटं लिव्हरवर नेताना मनगट वर मुडपत असेल, तर लिव्हर फार वर आहे. खाली मोडत असेल, तर फार खाली.

लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर रेघेत आणा, पुन्हा कसा. बोल्ट लहान असतात, जोर लावून पिळू नका. बऱ्याच गाड्यांचा आरसाही त्याच क्लॅम्पवर असतो, तोही नीट लावून घ्या. उजवीकडे डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइलची डबी फार कलती होऊ देऊ नका. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कुठली केबल ताणली जात असेल किंवा रेस आपोआप वाढत असेल, तर तशीच गाडी रस्त्यावर नेऊ नका.

हात लहान असतील तर लिव्हर ग्रिपपासून किती लांब आहे तेही बघा. काही लिव्हरना हे अंतर कमी करायचं चाक असतं, पण बरेच लोक त्याला कधी हातच लावत नाहीत.

हँडलवर रेलून बसणं

गाडी उभी असताना नेहमीच्या पोझिशनमध्ये बसा आणि दोन्ही तळवे हँडलवरून बोटभर उचला. धाडकन पुढे पडायला होत असेल, तर तो सगळा भार रोज तुमच्या मनगटांवर असतो. गुडघे टाकीला लावा, पोट किंचित आवळा, कोपर ढिले ठेवा. ब्रेक लावताना टाकीला मांड्यांनी धरलं तर हातांवर झटका येत नाही. सीट पुढे उतरती असेल तर कितीही सवय केली तरी अंग घसरतंच, अशा वेळी आधी सीट दुरुस्त करावी. हँडल उंच करायचे रायझर त्यानंतर.

ॲक्सिलरेटर चुकीचा धरणं

रेस बंद असताना मनगट सरळ ठेवून ग्रिप पकडली, तर रेस दिल्यावर मनगट खाली पडतं आणि पूर्ण प्रवास तसंच राहतं. म्हणून पकड थोडी पुढून घ्या, म्हणजे नेहमीच्या वेगाला मनगट सरळ येईल. ग्रिप तळव्यात तिरकी धरा, स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी. मधूनमधून बोटं सैल करून बघा. सैल होत नसतील तर तुम्ही आवळून धरलंय. घट्ट पकडीतून कंपनंही हातात जास्त उतरतात.

कंपनं आणि जड क्लच यांची सवय करून घेणं

कंपनं कमी करणारी हँडलच्या टोकाची वजनं काढून टाकलीत का? टायरमध्ये हवा बरोबर आहे का, इंजिनचे माउंटिंग बोल्ट सैल नाहीत ना? ठरावीक आरपीएमलाच हात झिणझिणत असेल तर गिअर बदलून त्या टप्प्याबाहेर राहा. जाड फोमच्या ग्रिप सगळ्यांना मानवतात असं नाही. लहान हाताला त्या आवळाव्या लागतात आणि दुखणं वाढतं. ग्लोव्ह्जची शिवण तळव्यावर रुतत असेल तर ते बदला.

क्लच जड असेल तर केबल तपासा. आतल्या तारा उसवल्या असतील तर तेल घालून काही होत नाही, केबलच बदलावी लागते. सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा.

दुखणं दाबून गाडी चालवणं

वेदनाशामक घेऊन निघाल्यावर दुखणं वाढतंय हे कळतच नाही. कडक पट्टा बांधून चालवणं तर धोक्याचं आहे, कारण लिव्हर वेळेवर दाबला जात नाही. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना उपयोगी पडतो, तोही डॉक्टरांना विचारून. मुंग्यांनी रात्री जाग येत असेल, हातातल्या वस्तू सुटत असतील, थंडीत बोटांची टोकं पांढरी पडत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर सेटिंग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तेही त्यांना सांगा, कारण मनगटातली नस दबण्याशी त्यांचा संबंध असतो.

आणि गाडीवरून पडताना हात टेकला असेल, अंगठा ताणल्यावर मुळाशी दिसणारा खळगा दाबून दुखत असेल, तर तिथलं लहान हाड मोडलेलं असू शकतं. ही मोड पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. ‘फोटो नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देऊ नका. दुखणं राहिलं तर साधारण 10 ते 14 दिवसांनी पुन्हा दाखवा, आणि तोपर्यंत गाडी बंद ठेवा.