ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न पाळताय? मग या चुका टाळा

ऑस्करचं पिल्लू विकत घेताना दोन इंचांचं असतं, पूर्ण वाढलेला मासा फूटभर होतो. तरी लोक दोन फुटी टाकीत तीन-तीन पिल्लं सोडतात आणि काही महिन्यांनी विचारतात, हे एकमेकांना का मारतात? ‘टाकीएवढाच मासा वाढतो’ हे साफ खोटं आहे. कोंदट, घाण पाण्यात वाढ खुंटते आणि मासा लवकर मरतो. एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हवी, म्हणजे साधारण अडीचशे लिटर. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवा. रेडटेल कॅटफिश घरच्या टाकीसाठी घेऊच नका, तो तीन फुटांच्याही पुढे जातो.

नवा मासा पिशवीतून थेट जुन्याच्या टाकीत सोडणं, ही दुसरी चूक. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ज्या कुळातले, ते सिक्लिड मासे टाकीचा कोपरा न् कोपरा आपला मानतात. नवा दिसला की जुना कल्ल्यांची झाकणं फुगवतो, पर ताठ करतो, रंग गडद होतो. तोंडाला तोंड लावून ढकलाढकली होते. इथवर काळजी नको. पण नवा मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे तिरका उभा, पर मिटलेले, शेपटीची कड फाटलेली, असं दिसलं की त्याने हार मानलेली असते आणि पळायला जागा नसते. ‘जमेल हळूहळू’ म्हणून रात्रभर सोडलात, तर सकाळी मेलेला मिळेल. लगेच मध्ये जाळी घाला.

आधी नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मग जाळीपलीकडे आठवडाभर. जाळी काढायच्या दिवशी दगड, लाकडं सगळं हलवून नव्याने मांडा, जुन्याला पोटभर खायला द्या, दिवे बंद करा आणि मगच काढा. जाळी हाताशी असू द्या. काही माशांना कुणीच चालत नाही, तिथे हट्ट करू नका.

भांडणातून वाचलेला मासा साफसफाईत मरतो, याचं जास्त वाईट वाटतं. प्रकार ठरलेला असतो. सात-आठ महिने पाणी नुसतं वरून भरलं जातं. मासे खातात, ठीक दिसतात. मग पाहुणे येणार म्हणून एका दुपारी ऐंशी टक्के पाणी बदलतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख करतात. थोड्या वेळात ऑस्कर पृष्ठभागाशी धापा टाकू लागतो, संध्याकाळी आडवा. दोष नव्या पाण्याला.

खरं कारण जुन्या पाण्यात असतं. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं जिवाणू नायट्राइट, पुढे नायट्रेट करतात. त्यात पाण्यातले कार्बोनेट संपत जातात आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या आसपास उतरतो. तिथे जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, अमोनिया साठत राहतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या कमी घातक रूपात असतो. नळाचं ताजं पाणी ओतलं की पीएच एकदम चढतो. तो एकने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. सहाचा आठ झाला, तर सुमारे शंभरपट. पाणी बदलून अमोनिया पाचपट विरळ झाला, तरी हिशेब माशाच्या विरोधातच जातो. वर नळाच्या क्लोरीनने स्पंजमधले जिवाणू मारलेले असतात.

अशी टाकी सापडली तर आधी अमोनिया आणि पीएच तपासा. रोज दहा टक्केच पाणी बदला, दहा-बारा दिवस. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण दुसरा सुरक्षित रस्ता नाही. पुढे दर आठवड्याला तीस-चाळीस टक्के, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा, बस. शक्यतो दोन फिल्टर लावा आणि आळीपाळीने धुवा. नवी टाकी असेल तर मासा आणण्याआधी अमोनिया घालून चार-सहा आठवडे फिल्टर तयार करा. दोन दिवस पाणी फिरवून काही होत नाही.

जिवंत गोल्डफिश खाऊ घालू नका. त्यातला थायमिनेज हा विकर (एन्झाइम) जीवनसत्त्व बी १ नष्ट करतो, परजीवीही सोबत येतात. पेलेट, म्हणजे दाणेदार खाद्य, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या.

डोक्यावर खड्डे पडू लागले, तर औषधाआधी नायट्रेट मोजा.

अरोवाना मासा उडी मारतो. झाकणावर वजन ठेवा.

काचेचा हीटर मोठा मासा फोडतो, म्हणून त्याला संरक्षक जाळी लावा किंवा तो संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, बसवा. पाणी उपसण्याआधी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम काच उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं, तर ती तडकते.