शिक्रा, कापशी आणि आपलं ऊन: कॉलनीत शिकारी पक्ष्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठलंही गाव घ्या. गावाबाहेरच्या नव्या कॉलन्यांमध्ये निम्मे प्लॉट अजून रिकामेच असतात. त्यांवर वेडी बाभूळ माजलेली, कडेला कपाशीचं शेत, वरून विजेच्या तारा. आपल्याला ओसाड वाटणारी ही जागा उंदीर, सरडे, खारी आणि नाकतोड्यांनी भरलेली असते. म्हणूनच तारेवर कापशी (काळ्या खांद्यांची राखाडी-पांढरी छोटी घार), कडुनिंबात शिक्रा (लहान शिकारी पक्षी) आणि मोबाइल टॉवरवर घार हे ठरलेलं असतं. थंडीत त्यांच्यात खरुची हा छोटा ससाणाही येऊन मिळतो. म्हणजे त्यांच्यासाठी यावलच्या जंगलात जायची गरज नाही, दूध आणायला निघालं तरी भेटतात.

तरीही पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडणारे फोटो पाहिले तर निम्मे आकाशातले काळे ठिपके, उरलेले पाण्याखालून काढल्यासारखे. मग चर्चा हटकून लेन्सवर जाते. माझं मत विचाराल तर लेन्स बदलायच्या आधी घड्याळ बदला. खान्देशात हे फोटो बिघडतात ते वेळ आणि जागा चुकल्यामुळे. लेन्सचा नंबर त्यानंतर लागतो.

“फोकसच होत नाही” ही तक्रार

फेब्रुवारी संपला की ही तक्रार सुरू होते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत चालते. कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी एक तपासणी करा. बसलेल्या पक्ष्याचे एकाच जागेवरून आठ-दहा फोटो सलग काढा आणि संगणकावर मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेने मऊ असेल, एकात चोच ठीक पण शेपटी वितळलेली, दुसऱ्यात उलटं, फांदीची कड लाटेसारखी वाकडी, तर तो दोष हवेचा आहे. सगळे फोटो सारखेच मऊ असतील आणि पक्ष्याच्या पुढची किंवा मागची फांदी मात्र धारदार दिसत असेल, तर फोकस चुकला. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका एकाच दिशेला ओढला गेला असेल, तर हात हलला किंवा शटरचा वेग कमी पडला.

पहिला प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त. तापलेली हवा विरळ होते, वरची त्यामानाने थंड हवा दाट राहते आणि दोन्हींतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. ४०० किंवा ६०० मिमीची लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करून दाखवते. ट्रायपॉड लावा, शटर वाढवा, दुप्पट पैशांची लेन्स आणा, फरक शून्य. मधली हवा कमी करणं एवढाच उपाय. म्हणजे जवळच्या पक्ष्यावर लक्ष द्या आणि वेळ बदला. एप्रिल-मे मध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा तुम्ही जागेवर हजर हवेत. साडेआठनंतर दूरचा पक्षी फक्त बघा.

संध्याकाळचा सोनेरी उजेड अनेकांना मोहात पाडतो. उजेड चांगला असतोच, पण डांबरी रस्ता, पत्र्याचे शेड आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेले असतात आणि सूर्य कलला तरी तासन्‌तास वाफा सोडत राहतात. खान्देशच्या उन्हाळ्यात सकाळच खरी. गच्चीवरून काढायचं तर कठड्याच्या अगदी लगत लेन्स टेकवू नका, कारण तापलेल्या सिमेंटवरची हवा नेमकी काचेसमोर येते. गाडीतून काढत असाल तर बॉनेटवरून नेम धरू नका, बाजूच्या खिडकीतून धरा आणि इंजिन बंद ठेवा.

आणि कूलर! घराच्या खिडकीतून शिक्रा टिपायचा, आत कूलर फुल, खिडकी उघडी. आतली गार ओली हवा खिडकीतून बाहेर जाऊन बाहेरच्या गरम हवेत मिसळते ती बरोबर लेन्सच्या तोंडाशी. कूलर बंद करून पाच मिनिटं थांबा. घरचे ओरडतील, त्याला इलाज नाही. खिडकी बंद ठेवून काचेतून किंवा डासांच्या जाळीतून काढलेला फोटो तर मऊच येणार.

काळी घार, जळालेली कापशी

घार आकाशात, आकाश पांढरं. कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करायला बघतो आणि घारीचा कोळसा होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, एक ते दीड स्टॉपने (उजेडाच्या पायरीने) वाढवा. आकाश उडालं तर उडू द्या, उन्हाळ्यातल्या आपल्या आकाशात तसंही जपण्यासारखं काही नसतं.

कापशीचं नेमकं उलटं. पोट आणि डोकं पांढरं, मागे कडुनिंबाची गडद सावली. कॅमेरा सावली उजळवतो आणि पक्ष्याची पिसं सपाट पांढरी होऊन जातात. इथे अर्धा ते एक स्टॉप कमी करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तरी एकदा पूर्ण जळालेलं पांढरं परत येत नाही.

शटरच्या बाबतीत लोक उगाच कंजूषपणा करतात. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं, उडत्याला १/२००० च्या खाली जाऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर थोडा दाणा येईल, पण तो नंतर कमी करता येतो. हललेला फोटो सॉफ्टवेअरने पुरता सरळ होत नाही. नवशिक्यांनी उडता पक्षी कापशीपासूनच सुरू करावा. ती शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते, पाय खाली सोडते, थोडी खाली उतरून पुन्हा थांबते. अशी संधी शिक्रा देत नाही, तो फांद्यांमधून सुसाट निघून जातो. शिक्रा गर्द पानांत असेल तर फोकसचा चौकोन लहान करून थेट डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा आधी पानच पकडेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडतात. नवी पालवी येण्याआधीचे ते दिवस शिक्र्यासाठी वर्षातले सगळ्यात सोयीचे.

सरळ चालत जाणं

पक्षी दिसला की आपण कॅमेरा डोळ्याला लावून, त्याच्याकडे टक लावून, सरळ रेषेत निघतो. शिकार करणारा प्राणीही असाच येतो. पक्ष्याने पळून जाऊ नये तर काय करावं?

तिरकं चाला. थोडं जा, थांबा, दुसरीकडे बघा. मोटारसायकलवर असाल तर पक्ष्यासमोर ब्रेक मारू नका. रोजच्या रहदारीची त्याला सवय असते, त्याला खटकतं ते थांबणं. संथ गतीने पुढे निघून जा, वीस-तीस पावलांवर गाडी लावा, जरा वेळ काढा. चारचाकी त्याहून बरी, कारण आत बसलेल्या माणसाचा आकार दिसत नाही. फक्त दार उघडू नका.

पक्षी उडायच्या आधी सांगतो, वाचता आलं पाहिजे. निवांत शिक्रा पिसं फुलवून, बऱ्याचदा एक पाय पोटाशी घेऊन बसतो. तुमची दखल घेतली की पिसं आवळतो आणि एकदम सडपातळ दिसायला लागतो. मग मान ताठ, डोकं वरखाली. त्यानंतर पुढे झुकतो आणि शिटतो. ती पांढरी पिचकारी दिसली की बोट बटणावर ठेवा, पुढच्या क्षणी तो हवेत असण्याची शक्यता मोठी. पण पिसं आवळलेली दिसताच एक पाऊल मागे घेतलं तर बऱ्याचदा तो पुन्हा फुलून बसतो. गळ्याखालची पिशवी फुगलेली असेल तर त्याचं नुकतंच जेवण झालंय. असा पक्षी बराच वेळ हलत नाही, त्याच्यासाठी थांबा.

आणि शोधताना झाडं धुंडाळत बसू नका, कान द्या. खारीचं अखंड चिर्र-चिर्र, सातभाईंचा गोंधळ, एखाद्या झाडावर कावळ्यांची झुंबड, कोतवालाची कुणामागे तरी लागलेली धाव. एवढी बातमी फुकटात मिळत असताना मोबाइलवरून शिक्र्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायची गरज काय? तो येतो ते दुसरा शिक्रा हद्दीत घुसला असं समजून, भांडायला. उंदीर बांधून ठेवणं, चिकनच्या दुकानातले तुकडे उधळून घारी जमवणं हेही त्याच माळेतलं. घारी चुकून माणसांच्या हातातल्या पिशव्यांवर झेपावायला शिकल्या की शिव्या त्यांनाच पडतात.

घरट्याजवळचा उन्हाळा

शिक्र्याची वीण साधारण मार्च ते जून, म्हणजे आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो तेव्हाच. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या आसपास खेळत असतं. त्या उन्हात मादी घरट्यावर बसते ती फक्त ऊब द्यायला नाही. दुपारी ती पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून पिलांवर सावली धरून उभी असते. तुम्ही झाडाखाली आलात, ती उडाली आणि तुम्ही “परत येईल” म्हणून अर्धा तास तिथेच थांबलात, तर तेवढा वेळ अंडी किंवा उघडी पिलं थेट उन्हात. थंड प्रदेशातल्या फोटोग्राफरचे सल्ले वाचून इथे वागू नका. दुपारी घरट्याकडे फिरकायचं नाही, बस. सकाळी जायचं तर दुरून, आडोशाने. मादी ओरडायला लागली किंवा तुमच्या डोक्यावरून झेपावली की निघायचं.

फोटो ‘मोकळा’ यावा म्हणून घरट्यासमोरची डहाळी तोडणारेही भेटतात. ती डहाळी म्हणजे पिलांची सावली असते, आणि कावळ्यापासूनचा पडदाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना बाधा आणणं धरलेलं आहे, हे अशांना जरूर ऐकवावं. ड्रोनचा विचार तर सोडाच, शिकारी पक्षी त्याच्यावर झडप घालतात आणि पंख पात्यात जातात.

शेजाऱ्यांची खिडकी

जंगलात ही अडचण नसते. कॉलनीत सकाळी साडेसहाला हातभर लांब लेन्स समोरच्या बिल्डिंगकडे रोखून उभं राहिलात, तर गॅलरीत केस वाळवणाऱ्या वहिनींना शिक्रा दिसत नाही, तुम्ही दिसता. आदल्या दिवशीच दोन-तीन घरांना सांगून ठेवा. कुणी “काय करी ऱ्हायना भो?” म्हणत आलंच, तर कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्यापुढे धरा. पक्ष्याचा लाल डोळा मोठा करून दाखवला की चौकशी संपते आणि माहिती सुरू होते: “आमच्या मागच्या निंबावर रोज येतो ना, पोरं त्याला ससाणा म्हणतात.” खिडक्या फ्रेममध्ये येत असतील तर जागा बदला, नंतर कापू म्हणून काढू नका.

नाव, तारीख, गाव

ग्रुपवर प्रत्येक वाकड्या चोचीला ‘गरुड’ किंवा ‘बहिरी ससाणा’ म्हणायची पद्धत पडली आहे. मोठा घोळ मात्र पावशाचा, म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याचा. पावशा रंगरूपात, उडण्यात आणि फांदीवर येऊन बसण्यातही शिक्र्यासारखा दिसतो, लहान पक्षी त्याला पाहून घाबरतात सुद्धा. चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची त्यामानाने सरळ, शिवाय डोळ्याभोवती पिवळं कडं. पाय दिसत असतील तर प्रश्नच मिटला, पावशाला शिकारी नख्या नाहीत. शिक्र्यात नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळसर नारिंगी, आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी थेंब असतील तर ते वयात न आलेलं पिल्लू. म्हणूनच फोटो संपादित करताना रंग भडक करू नका, डोळ्याचा रंग गेला की ओळख गेली.

तारीख आणि गाव खरं लिहिण्याचं महत्त्व खान्देशाइतकं कुणाला कळायला हवं? जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात इथून रानपिंगळ्याचे (एका छोट्या घुबडाचे) नमुने, म्हणजे मारून पेंढा भरून जपलेले पक्षी, गोळा केले. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या संग्राहकाने मात्र आपला नमुना १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीला मिळाल्याचं सांगितलं होतं. पुढे तपासणीत तो डेव्हिडसनचाच चोरलेला नमुना निघाला, नव्याने सजवून वर खोटी चिठ्ठी लावलेला. खोट्या चिठ्ठीची जागा बाद करून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

तेव्हा कॅमेऱ्यातलं घड्याळ आज तपासून घ्या. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की अनेक कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते आणि मेमधला पक्षी जानेवारीत नोंदला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल जपा. स्वतःच्या वहीत झाडापर्यंतचा पत्ता लिहा, जाहीर टाकताना फक्त गावाचं नाव. घरटं असेल तर पिलं उडून गेल्यावरच टाका.

संक्रांतीच्या पुढचे काही दिवस तारांवर आणि झाडांवर मांजा लोंबत असतो. लेन्समधून तुम्हाला तो इतरांच्या आधी दिसेल. त्यात अडकलेली घार दिसली तर ओढाताण करू नका, तारेवर असेल तर काठी लावू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि कुणी येईपर्यंत कुत्र्यांना आणि गर्दीला लांब ठेवा.