भाड्याच्या फ्लॅटचा हिशोब कसा ठेवायचा, सांगलीतला अनुभव

विश्रामबागला आमचा एक टू बीएचके आहे, तो इंजिनिअरिंगच्या पोरांना देतो, आणि नदीकडच्या जुन्या घराचा खालचा मजला एका कुटुंबाला दिलाय. नवीन फ्लॅट घेतलेले बरेच जण विचारतात की भाडं तर वेळेवर येतंय पण वर्षाच्या शेवटी हातात काहीच कसं राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी भाड्यासाठी वेगळं सेव्हिंग खातं काढा. भाडं त्यातच जमा, घराचा खर्च त्यातनंच, किराणा-पेट्रोल त्यातनं अजिबात नको. नाहीतर रिटर्न भरायच्या वेळी यूपीआयच्या शेकडो एंट्र्यांतनं भाडं कुठलं नि भिशी कुठली हे शोधत बसायला लागतं.

डिपॉझिट हे आपलं नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. मी एकदा पोरांच्या डिपॉझिटमधनं गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि मे महिन्यात परीक्षा संपल्यावर एका पोराचे वडील सामान न्यायला टेम्पो घेऊन दारात आले, तेव्हा मेहुण्याकडनं उसने आणून द्यायला लागले. फार वाईट वाटलं त्या दिवशी. तेव्हापासून डिपॉझिट आलं की त्याच दिवशी एफडी.

आता गणित. समजा भाडं 8000 आहे. लोक लगेच 96,000 धरतात, पण पोरं सुट्टीत गेली की निदान एक महिना फ्लॅट रिकामा राहतोच, म्हणून 88,000 च धरा. त्यातनं घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, अ‍ॅग्रीमेंटचा खर्च, एजंट असेल तर त्याचं कमिशन. शिवाय दर महिन्याला भाड्यातले हजारभर रुपये दुरुस्तीला बाजूला टाका, कारण मोटर जळणं, सिंकखालचा पाइप गळणं, गिझरची कॉइल जाणं हे सांगून येत नाही, आणि पोरं गेल्यावर भिंतींना रंग द्यायलाच लागतो. होम लोन असेल तर हप्ता या उरलेल्या रकमेशी ताडून बघा, 96 हजारांशी नको.

इन्कम टॅक्समध्ये दुरुस्तीची बिलं वेगळी धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिळालेल्या भाड्यातनं मालकानं त्या वर्षात खरोखर भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते, खर्च केला असो वा नसो. म्हणजे 88,000 तनं 4000 घरपट्टी गेली तर 84,000, त्याचे 30 टक्के 25,200, टॅक्ससाठी राहिले 58,800. लोनचं व्याज यातनं अजून वेगळं वजा होतं. पण त्यामुळं तोटा दिसला तर नव्या रेजिममध्ये, म्हणजे नव्या टॅक्स पद्धतीत, तो पगारातनं वजा करता येत नाही, तेव्हा कुठली रेजिम घ्यायची ते सीएबरोबर बसून ठरवा. आणि घरपट्टी 31 मार्चच्या आत भरा, थकली तर शास्ती पण लागते नि त्या वर्षीची वजावट पण जाते.

नदीकाठाला घर असेल त्यांनी हे नीट वाचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. आमच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं, प्लायची कपाटं फुगून दारं मिटेनात, वायरिंग सगळं काढून नवीन टाकलं, भिंती वाळेपर्यंत कुणाला ठेवताच येईना, म्हणजे खर्च पण आणि भाडं पण बंद. 2021 ला परत पूर. आता तिथं लाइटचे बोर्ड छातीच्या उंचीवर घेतलेत, प्लाय बंद, आणि भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी काढलीय, तिच्यात पूर कव्हर होतो. पॉलिसी काढताना भाव जागेचा नाही, परत बांधायला किती लागतील ते धरा. त्या घराची दुरुस्तीची रक्कम पण मी दुप्पट बाजूला टाकतो.

अ‍ॅग्रीमेंट ओळखीचा माणूस असला तरी रजिस्टरच करा, महाराष्ट्रात कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1000 आहे, स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के. कोण किती देणार ते आधीच बोलून घ्या.

लाइटबिलाचं मीटर आपल्या नावावर असतं, भाडेकरू थकवून गेला की महावितरण आपल्यालाच धरतं. म्हणून चावी देताना आणि घेताना दोघांनी मीटरसमोर उभं राहून रीडिंगचा फोटो काढायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना टाकायचा, आणि शेवटचं बिल हातात आल्यावरच एफडी मोडून डिपॉझिट द्यायचं.