फ्लाइट मुंबईहून आहे? मग या चुका टाळा

आम्ही पार्ल्यात राहतो, पूर्वेला. त्यामुळे नात्यातलं कुणीही विमानाने निघालं की आदल्या रात्रीचा मुक्काम आमच्याकडे आणि पोचवायला मी. इतक्या वर्षांच्या या हमालीत एक गोष्ट ध्यानात आली आहे. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस चार जणांना विचारत, घाबरत घाबरत का होईना, वेळेवर पोचतो. फजिती होते ती 'मुंबईचं एअरपोर्ट मला पाठ आहे' म्हणणाऱ्याची. त्याने पाठ केलेलं एअरपोर्ट आता राहिलेलंच नसतं.

'डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ'

जुना हिशेब सोपा होता. देशातलं विमान सांताक्रूझला (आताचं टर्मिनल 1, म्हणजे टी1), परदेशी सहारला. फेब्रुवारी 2014 मध्ये सहारला नवं टर्मिनल 2, म्हणजे टी2, सुरू झालं आणि पुढे देशांतर्गत विमानंही तिकडे जाऊ लागली. आता परदेशी विमानं टी2 वरूनच सुटतात, पण देशातली दोन्हीकडून. एकाच कंपनीचं एक विमान टी1 वरून आणि दुसरं टी2 वरून असू शकतं. म्हणून 'मागच्या वेळी इथूनच गेलो होतो' हा पुरावा धरू नका, प्रत्येक वेळी तिकीट उघडून टर्मिनल बघा. पुण्याहून कॅबने येणार असाल तर ड्रायव्हरला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका.

दोन्ही टर्मिनलना धावपट्ट्या त्याच, पण एकातून दुसऱ्यात चालत जायला वाट नाही. बाहेरून रस्त्याने चार-पाच किलोमीटर पडतं आणि संध्याकाळी हायवेवर त्याला किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. भलत्या टर्मिनलवर उतरलातच तर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याआधी मेट्रो 3 आठवा. टी1 चं स्टेशन, मग सहार रोड, मग टी2. बास. घाटकोपरकडून येणाऱ्यांनाही अंधेरीपर्यंत जायची गरज नाही. मेट्रो 1 ने मरोळ नाक्याला उतरून मेट्रो 3 धरली की पुढचंच स्टेशन टी2. अडचण एकच. परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतरची आणि मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास आवरती घेते.

आता तर विमानतळही दोन

25 डिसेंबर 2025 पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळही सुरू झालं आहे. पनवेलकर आणि पुणेकरांची सोय झाली, पण तिकिटात नवी भानगड आली. शहराच्या नावात 'मुंबई' दोन्हीकडे, आणि तिथल्या पहिल्या टर्मिनललाही टर्मिनल 1 च म्हणतात. म्हणजे नुसतं 'टी1' वाचून पार्ल्याला मुक्कामाला येऊ नका. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो. बीओएम म्हणजे आपलं जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. तिकीट काढतानाच बघा. भर ट्रॅफिकमध्ये सहारहून उलव्याला पोचून विमान पकडलेला माणूस माझ्या तरी बघण्यात नाही.

तारखेचा घोळ

ही सगळ्यात महागडी चूक, आणि ती घरीच होते. माझ्या मावसभावाचं दुबईचं विमान 15 तारखेला रात्री बारा चाळीसचं. 15 ला संध्याकाळी बॅगा, पुरणपोळ्यांचा डबा वगैरे घेऊन स्वारी आमच्या दारात हजर. मी तिकीट मागितलं. त्यावर 00.40. विमान आदल्याच रात्री गेलेलं.

आपल्या डोक्यात दिवस उजाडला की तारीख बदलते. रात्रीचे दोन वाजले तरी आपल्या लेखी ती 'कालचीच रात्र' असते. विमान कंपनी मात्र बाराच्या ठोक्याला पान उलटते. म्हणून शून्यापासून पाचपर्यंतची वेळ दिसली की कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहूच नका. '14 ला रात्री आठला घर सोडायचं' असं लिहा. विमान सुटण्याआधी चूक कळली तर ताबडतोब कंपनीला फोन करा, तारीख बदलून मिळण्याची शक्यता तेव्हाच असते. सुटल्यावर भाडं बहुधा बुडतं. तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी परत मागता येते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पुरणपोळ्या आम्ही खाल्ल्या.

खोबरं, तूप आणि पॉवर बँक

आईने मायेने बांधून दिलेल्या सामानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हमखास असतात. त्या काढून ठेवा. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. तूप आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवून सिक्युरिटीशी वाद घालू नका. परदेशी जाताना शंभर मिलीच्या वरची पातळ वस्तू हातात नेता येत नाही. नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँकचं नेमकं उलटं: ती हातातल्या बॅगेतच हवी. मोठ्या बॅगेत राहिली तर बॅग अडकते, तुम्हाला परत बोलावतात आणि रांगेत घालवलेला वेळ पाण्यात.

पुकारा होणार नाही

एस.टी. स्टँडवर वाढलेल्या आपल्या कानांना भोंग्याची सवय. इथे प्रत्येक विमानाचा पुकारा होत नाही. आपल्या फ्लाइटचं नाव ऐकू येईल म्हणून कॉफी घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बोर्डिंग पास छापल्यानंतर गेट बदलू शकतं, त्यामुळे अधूनमधून स्क्रीन बघत राहा. देशांतर्गत प्रवासात चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. टी2 मधल्या भिंतींवर देशभरच्या कलावस्तू मांडल्या आहेत. जरूर बघा, पण आधी गेट कुठे आहे ते पाहून या. काही गेटं चांगलीच लांब आहेत.

डिजियात्राचं (चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या सोयीचं) एकच सांगतो: घरीच अॅपमध्ये बोर्डिंग पास चढवून ठेवा. तिकिटावरचं नाव आधारशी जुळत नसेल तर दारात उभं राहून ते जुळवता येत नाही.

परतताना

परदेशातून येऊन पुढे नागपूर किंवा गोवा गाठायचं असेल तर बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग बघून निर्धास्त होऊ नका. बहुतेक वेळा बॅग मुंबईत पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. उतरताना विमानातच विचारून घ्या.

बाहेर 'टॅक्सी, साहेब?' म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघूही नका. आतल्या प्रीपेड काउंटरवर पैसे भरा आणि पावती घरी पोचल्यावरच ड्रायव्हरच्या हातात द्या. दादर-गिरगावला जाणाऱ्यांनी रिक्षाच्या नादी लागू नये, ती माहीम-सायनच्या पुढे जात नाही.

आणि घ्यायला आलेल्या माणसाला फोनवर 'मी एका मोठ्या पांढऱ्या खांबापाशी उभा आहे' असं सांगू नका. टी2 ला सगळेच खांब मोठे आणि पांढरे आहेत. गेटचा नंबर सांगा.