सिम्युलेटरमधलं विमान जुनं कसं करायचं: इंजिन, कातडी आणि वजन

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं (सिममधलं) विमान कायम कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखं उडतं. खरं विमान तसं राहत नाही. होडीच्या तळाला कालवं बसली की त्याच वेगाला डिझेल जास्त लागतं, हे मालवण-हर्णैत कुणालाही सांगावं लागत नाही. विमानाचंही तेच होतं, पण तीन ठिकाणी, आणि ती तिन्ही वेगवेगळी धरायची. सगळं म्हातारपण एकाच आकड्यात कोंबलं की हिशेब चुकतो.

पहिलं इंजिन. जेटमध्ये कंप्रेसरच्या पात्यांवर मीठ-धूळ बसते, पात्यांची टोकं झिजून फट वाढते. तेवढाच जोर काढायला इंधन जास्त लागतं आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टन इंजिनात रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजतात, ताकद उतरते. दुसरी कातडी, म्हणजे विमानाचा बाहेरचा पत्रा: खडबडीत रंग, डेंट, दारांचे झिजलेले सील, नीट न बसणारे फ्लॅप. तिसरं वजन: रंगाचे थर, दुरुस्तीचे पत्रे, इन्सुलेशनमध्ये मुरलेली ओल.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये विमानाच्या फोल्डरची आधी पूर्ण प्रत काढून ठेवा. एंजिन्स.सीएफजी फाइलमध्ये फ्युएल फ्लो स्केलर (इंधनाच्या खर्चाला गुणणारा आकडा) आणि पिस्टनसाठी पॉवर स्केलर (ताकदीला गुणणारा) मिळेल. फ्लाइट मॉडेल.सीएफजीमध्ये पॅरासाइट ड्रॅग स्केलर (हवेच्या अडथळ्याला गुणणारा) आणि एम्प्टी वेट, म्हणजे रिकामं वजन, मिळेल. हे वजन पौंडात असतं. एफएसएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिममध्ये या चारही ओळी एअरक्राफ्ट.सीएफजी या एकाच फाइलमध्ये असतात. नव्या सिममध्ये फाइलचा आकार बदलला की लेआउट.जेसन (फाइलींची यादी) नव्याने तयार करून घ्या. मार्केटप्लेसवरच्या कुलूपबंद विमानांच्या फाइल उघडतच नाहीत. आणि ज्या महागड्या ॲड-ऑनचं इंजिन स्वतःच्या कोडवर चालतं, तिथे स्केलर कितीही बदलला तरी काट्यावर फरक दिसत नाही. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये हेच काम त्याच्या प्लेन मेकर प्रोग्रॅममध्ये, विमान वेगळ्या नावाने सेव्ह करून करा.

सेस्ना १७२ एस घेऊ. लायकमिंग आयओ-३६०, १८० अश्वशक्ती, वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, ओव्हरहॉलचा (इंजिन खोलून पूर्ण दुरुस्तीचा) टप्पा २००० तास. सुरुवातीला स्केलर १.० असेल तर आमची मांडणी अशी: ५०० तासांपर्यंत काही बदलू नका. १००० तासांना पॉवर ०.९८, ड्रॅग १.०१. २००० च्या जवळ पॉवर ०.९५, ड्रॅग १.०३, रिकामं वजन २० पौंड जास्त. मूळ आकडा १.० नसेल तर त्याला या आकड्याने गुणा. फ्लो स्केलरला इतक्यात हात लावू नका. पॉवर उतरवली की काही विमानांत इंधनाचा फ्लोही आपोआप खाली येतो आणि जुनं विमान उलट काटकसरी निघतं! बहुतेकांची गाडी इथेच अडते.

म्हणून मोजणी. वारा शून्य, प्रमाण हवामान, ६००० फूट, तेच वजन, २६०० आरपीएम, मिक्सचर (इंधन-हवेचं मिश्रण) दोन्ही वेळा त्याच पद्धतीने पातळ केलेलं. ऑटोपायलटवर दहा मिनिटं स्थिर होऊ द्या, मग खरा हवाई वेग भागिले तासाचं इंधन काढा. समजा नवं विमान १२० नॉट (तासाला सागरी मैल) आणि तासाला १० गॅलन दाखवतं, म्हणजे गॅलनला १२ सागरी मैल. जुन्याला ११.४ च्या आसपास आणायचं आहे: ११८ नॉट, १०.४ गॅलन. तिथे पोहोचेपर्यंतच फ्लो स्केलर ०.०१ च्या टप्प्याने वाढवा. ज्याच्या प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलत नाही अशा विमानात आरपीएम सारखा ठेवणं महत्त्वाचं. थ्रॉटलची जागा सारखी ठेवून केलेली तुलना फसवते, कारण ताकद उतरली की आरपीएमही उतरतो.

आता जुहू ते रत्नागिरी ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ), सुमारे १९० सागरी मैल. क्रूझचं इंधन नव्या विमानाला १५.८ गॅलन, जुन्याला १६.७. फरक किरकोळ वाटतो. समोरून १५ नॉट वारा धरा: १८.१ आणि १९.२. हळू विमान वाऱ्यात जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा वाढतो. पावसाळ्यात या किनाऱ्यावर वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना तो आडवा आणि थोडा समोरून लागतो. टॅक्सी, चढण आणि राखीव इंधन यांवर वेगळं धरा.

मोठ्या जेटमध्ये एक काम कधीही सोडू नका: नियोजनालाही विमानाचं वय सांगा. सिमब्रीफ या उड्डाण-नियोजनाच्या वेबसाइटवर फ्युएल फॅक्टर पी०५ म्हणजे ५ टक्के जास्त. विमानातल्या संगणकाला हे सांगायची जागा म्हणजे बोइंग ७७७ च्या आयडेंट पानावर ड्रॅग/एफएफ, एअरबसच्या एअरक्राफ्ट स्टेटस पानावर आयडल/पर्फ. विमान जुनं आणि संगणक नवा, असं झालं की उतरतानाच्या इंधनाचा अंदाज वाटभर खाली घसरत राहतो.

तासांची नोंद वहीत ठेवा. पावसात वीज गेली की सिममधली नोंद हमखास राहून जाते. ओव्हरहॉल झाला की पॉवर आणि फ्लो मूळ आकड्यावर आणा. ड्रॅग आणि वजन मात्र तसंच राहू द्या, कारण इंजिन नवं झालं तरी पत्रा जुनाच असतो.