न्यू जर्सीत पहिली पानगळ: शिवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

जॅकेट, बूट, हातमोजे इथे मिळतात, त्यांची काळजी सोडा. नवीन आलेल्यांना खरा धक्का बसतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. घड्याळं तासभर मागे जातात आणि पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. अशा संध्याकाळी हाताला काम नसलं की माणूस फोनवर भारतातली लग्नं बघत बसतो. म्हणून म्हणते, शिवायला घ्या.

पण भारतातून शिलाई मशीन आणू नका. दरवर्षी कोणीतरी आणतंच. तेवीस किलोच्या बॅगेत अर्धं वजन त्या लोखंडाचं, वर मोटर २३० व्होल्टची. इथे भिंतीत १२० व्होल्ट. मशीन रडतखडत चालतं, गोधडीच्या थरांवर तर हलतच नाही. मग ट्रान्सफॉर्मर शोधा, तो टेबलाखाली गुणगुणतोय ते ऐका. उलट इथलं मशीन भारतात नेऊन तसंच प्लगमध्ये लावलंत तर मोटर जळालीच समजा. गराज सेलमध्ये (लोक घरासमोर जुन्या वस्तू विकतात तिथे) किंवा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, जुनं धातूचं मशीन बघा, दुकानातल्या नव्या प्लॅस्टिकपेक्षा ते बरं. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकती, सोबत मागून घ्या. क्लास १५ आणि क्लास ६६ या बॉबिन दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आपल्याकडचे काही जण तळघरात महागडं एम्ब्रॉयडरी मशीन ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. त्यांचा सल्ला घेऊ नका. आणि हो, परत सांगते: भारतातून मशीन नको.

आणायच्या आहेत त्या जुन्या सुती साड्या. आईच्या, आजीच्या, विरलेल्या असल्या तरी चालतील. इथल्या क्विल्टच्या कापडाबरोबर त्यांची गोधडी सुरेख होते. पण इथलं कोरं कापड आधी धुवा, ड्रायरमध्ये वाळवा, मगच कापा. साडी धुऊन धुऊन आटून गेलेली असते, नवं कापड पहिल्या गरम वाळवणीत आटतं आणि सगळी गोधडी सुरकुतते. आत साड्यांचे सहा-सात थर घालू नका. भिजल्यावर ते धूड धुण्याच्या मशीनमध्ये फिरत नाही. सुती बॅटिंगचा, म्हणजे गोधडीत भरायच्या कापसाच्या पट्टीचा, एकच थर पुरे, वरून हाताने धावदोरा.

कापडासाठी 'जोअ‍ॅन'चा पत्ता कोणी सांगितला तर तो माणूस जुन्या काळातला आहे. ती सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली.

तयार पॅटर्नवरचा (कपडा कापायच्या कागदी नमुन्यावरचा) साइझ नंबर दुकानातल्या कपड्यांसारखा नसतो. टेप लावून अंगाचं माप घ्या.

तोरणासाठी पानं गोळा करताना मात्र डोळे उघडे ठेवा. झाडावर चढलेल्या वेलीची तीन-तीन पानं शरदात लालबुंद होतात. ती पॉयझन आयव्ही. तिच्या तेलाने हातावर फोड येतात, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. लागलं अशी शंका आली तरी साबणाने हात धुवा, कपडेही. ती वेल जाळूही नका, धुरातून तिचं तेल छातीत जातं. मेपलची खाली पडलेलीच पानं घ्या आणि जाड पुस्तकात दाबा.

आकाशकंदिलात एलईडीच लावा. बऱ्याच अपार्टमेंटांत मेणबत्तीला बंदी असते.

इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे गोधडी शिवणाऱ्यांच्या मंडळात, जायला लाजू नका. त्या आज्या तुमचं इंग्रजी नाही, टाके बघतात, आणि उरलेलं कापड पिशव्या भरून देतात. मशीन घेण्याआधी शिवून बघायचं असेल तर गावच्या लायब्ररीत विचारा, काही लायब्ररींमध्ये शिलाई मशीन असतं. कार्ड करताना पत्त्याचा पुरावा न्या, वीजबिल बहुतेक ठिकाणी चालतं.